शेरा : बाहेरगावी

दसरा झाला की माझ्या उपकेंद्राच्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना भरायला लागायचा. नाव, वय, कितवा महिना, हिमोग्लोबिन किती, टीडीचं इंजेक्शन दिलं की राहिलं, हे सगळं ओळीनं लिहिलेलं आणि शेवटी एकच शब्द : बाहेरगावी. गरोदर मातांच्या यादीत तो शब्द, बाळांच्या लसीकरणाच्या यादीत तोच, तांबी बसवायच्या यादीतही तोच. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर मी आरोग्यसेविका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षं काढली. 'बाहेरगावी' लिहिलं की त्या महिन्याच्या अहवालातून ती बाई वजा व्हायची. जिथं ती गेली, तिथल्या यादीत ती अधिक झाली का, हे विचारणारा रकाना आमच्याकडे नव्हता आणि तिकडेही नव्हता.

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या इथं उगम पावतात आणि पाणी पुढच्या मुलखाला देतात. आमच्याकडे सोयाबीन आणि तूर, तीही बहुतेक पावसाच्या भरवशावर. सोयाबीन निघालं की रानात मजुरी उरत नाही. मानोरा, मंगरुळपीर, मालेगाव, कारंजा या तालुक्यांतल्या बंजारा तांड्यांवर मग ट्रक येतात. कोणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर जातं, कोणी वीटभट्टीवर, आणि पुष्कळ जण ऊसतोडीला : सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात. ट्रक बहुधा रात्री भरतात. भांडी, गोधड्या, कोयते, ज्वारीची पोती, शेळी, झोपलेली लेकरं. सकाळी आशाताईंसोबत तांड्यावर गेले की म्हाताऱ्या तेवढ्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या.

ऊसतोडीचा हिशेब माणसावर होत नाही, जोडीवर होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, पावसाळ्यातच, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. ती घेतो नवरा. अंगठा किंवा सही त्याची, वहीत नावही त्याचंच. त्या पैशातून आधीची देणी, दवाखाना, नणंदेचं लग्न, घराचे पत्रे असं काहीबाही भागतं, आणि ट्रकमध्ये पाय ठेवण्याआधीच बाई पाच-सहा महिन्यांच्या मेहनतीची देणेकरी झालेली असते. ज्या कागदानं ती बांधली गेली त्या कागदावर तिचं नावच नसतं.

सातवा महिना सुरू असलेली एक सून मला अजून आठवते. हिमोग्लोबिन आठच्या खाली. मी तिच्या सासूला, नवऱ्याला, मुकादमालाही सांगून पाहिलं की हिला यंदा ठेवा. मुकादम म्हणाला, ठेवा की, मग उचल परत करा. नवरा खाली बघत राहिला. शेवटी तीच मला समजावत म्हणाली, "मी नाही गेली तं कोयता मोडते, सिस्टर. मंग याले एकट्याले कोण नेते?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, सरळ हिशेब होता, आणि तो अगदी बरोबर होता. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं मी तिच्या पिशवीत घातली. त्या बाईला अडवण्याएवढी ताकद माझ्या सल्ल्यात नव्हती, कारण मी तिला आरोग्य सांगत होते आणि तिच्या मानेवर कर्ज होतं.

चैत्रात ती परत आली, कडेवर बाळ घेऊन. बाळंतपण सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या उसाच्या फडाशेजारी कोपीत झालेलं. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाचं, वरून ताडपत्री टाकलेलं खोपट. टोळीतल्याच एका वडीलधाऱ्या बाईनं नाळ कापली होती. बाळाला एकही लस नव्हती. जन्मतारीख विचारली तर ती म्हणाली, ज्या दिवशी कारखाना बंद पडला होता त्याच्या दुसऱ्या दिवशी.

तिथून जे सुरू झालं त्यातून मला सीमा कशी असते ते कळलं. जन्म जिथं होतो तिथंच त्याची नोंद व्हायची, असा १९६९ चा कायदा आहे, तीही एकवीस दिवसांत. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे मानोऱ्याच्या या बाईनं कर्नाटकातल्या एका ग्रामपंचायतीत, जिचं नावही तिला धड सांगता येत नव्हतं, जाऊन कन्नडमध्ये अर्ज करायचा. तिनं तोडलेला ऊस रोज राज्याची हद्द ओलांडत होता. तो कोणत्या गावचा म्हणून कोणी विचारलं नाही. तिच्या लेकराला मात्र दोन्ही बाजूंनी विचारलं, आणि प्रत्येक खिडकीवर उभी राहिली ती आई. बाळाचा बाप तोवर रोजंदारीवर लागला होता, कारण बापाचा दिवस बुडवून चालत नाही असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं, तिलाही.

आमच्या भागाला हद्दी नव्या नाहीत. वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेव्हापासून १९४८ पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे एक सरकार होतं आणि पलीकडे दुसरं. पलीकडच्या मुलखाला आमच्याकडची जुनी माणसं अजून मोगलाई म्हणतात. लेकी मात्र दोन्हीकडून दिल्या-घेतल्या जात होत्या. नदी ओलांडणाऱ्यांत सैनिक आणि व्यापारी थोडे, नांदायला निघालेल्या पोरी जास्त असणार. ज्यांच्या तांड्यावर मी काम केलं त्या बंजाऱ्यांचा तर चालणं हाच धंदा होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ते सगळं दख्खन पालथं घालत. आगगाडी आली, लदेणी बुडाली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरणाऱ्या जमातींवर पोलिसांची हजेरी बसवली. तो कायदा १९५२ ला गेला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जातींत आहे. फिरण्याबद्दल ज्यांना गुन्हेगार ठरवलं त्यांच्याच पणत्या-नाती आज कोणाच्या तरी साखरेसाठी फिरतात आणि फिरतात म्हणूनच कागदावरून गळतात.

जिल्ह्याची हद्द एरवी डोळ्यांना दिसत नाही. एप्रिल २०२० मध्ये ती सगळ्यांना दिसली. टाळेबंदीत कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या लाखाहून जास्त ऊसतोड मजुरांना घरी जाऊ द्यायचा निर्णय सरकारनं १७ एप्रिलला घेतला, तोवर टोळ्या फडातच होत्या. काही जण त्याआधीच चालत निघाले होते. जिल्ह्याच्या वेशीवर नाकी बसली होती. आम्ही शाळेत विलगीकरण कक्ष उघडले होते, हातावर शिक्के मारत होतो. त्या दिवसांत सॅनिटरी पॅडची पेटी मागवा म्हणून मी वर कळवलं, तेव्हा मास्क आणि साबणाच्या यादीत ती वस्तू कोणाला सुचलीच नव्हती हे लक्षात आलं. आणायला नकार कोणी दिला नाही. यादी करताना चालत येणाऱ्यांत बाया असतील हे मनात नव्हतं, एवढंच.

पुढे बाहेरून एम.ए. करताना मला स्थलांतराबद्दल वाचायला मिळालं आणि हे विस्मरण किती जुनं आहे ते समजलं. रेव्हनस्टाइन नावाच्या अभ्यासकानं १८८५ मध्येच इंग्लंडच्या जनगणनेवरून लिहून ठेवलं होतं की जन्माच्या देशाच्या आत बाया पुरुषांपेक्षा जास्त हलतात. तरी पुढची कितीतरी दशकं स्थलांतरित म्हटलं की अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहिला, बाई त्याच्या मागून येणारी. मिर्याना मोरोक्वाशिच या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये या समजुतीला तोंडावर आव्हान दिलं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींहून जास्त लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले, त्यांत बहुसंख्य बाया, आणि त्यांच्या नावापुढे कारण पडलं ते लग्न. कारण एकच लिहायचं असतं. लग्न होऊन तांड्यावर आलेली आणि लग्न झालं म्हणूनच कोयत्याची अर्धी बाजू होऊन दरसाल पाचशे-सहाशे किलोमीटर जाणारी बाई त्या एका कारणात बुडून जाते. तिचं लग्न हाच तिच्या मजुरीचा करार आहे, हे जनगणनेच्या कागदाला कळायला जागा नाही.

इंद्राणी मजुमदार, नीता एन. आणि इंदू अग्निहोत्री यांनी दिल्लीच्या महिला विकास अध्ययन केंद्रातून या मोजणीवरच बोट ठेवलं. राष्ट्रीय नमुना पाहणीनं २००७-०८ मध्ये अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हटलं, तर एक महिना किंवा त्याहून जास्त आणि सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्यांना. आमच्या टोळ्या कधी पाच महिने राहतात, पट्टा उशिरा पडला, म्हणजे हंगाम उशिरा संपला, तर सहा उलटून जातात. कारखान्याला ऊस जास्त मिळाला की आमची बाई आकडेवारीतून बाहेर पडते. तो निबंध वाचताना मला तांड्यावरची घरं एकेक करून आठवत होती. इतक्या लांब बसून कोणीतरी माझ्या रजिस्टरातली अडचण ओळखली होती, याचा मला फार आधार वाटला.

बाईचा फडावरचा दिवस मी स्वतः जाऊन पाहिला. पहाटे तीन-चारला उठायचं, चूल पेटवायची, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत फडात. तोडायचं, पाचट सोलायचं, मोळ्या बांधायच्या, आणि त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये टाकायच्या. गाडी रात्री आली तर भरणीही रात्री. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार झाला, दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं. वाढ मोठी आहे आणि ती लढून मिळाली आहे. पण वजनकाट्यावर ऊसच चढतो. पहाटेच्या भाकरी, घागरी, लेकराला पाजायला काढलेली घटका, रात्री धुतलेली कपडे-भांडी यांचं वजन होत नाही, आणि त्यांच्याशिवाय दुसऱ्या दिवशी कोयता उचलला जात नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा लागतो, पाचशे ते हजार रुपये. पाळीच्या दिवसांतला खाडाही तितक्याच रुपयांचा.

म्हणून पिशवी. आमच्या रजिस्टरात गर्भाशय लिहायचं, बाया पिशवी म्हणतात. अंगावरून जातं, कंबर मोडते, फडात आडोसा नाही, पाणी नाही, कापड बदलायला जागा नाही. खासगी दवाखान्यात कोणी सांगतं, पिशवी खराब आहे, काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. बीड जिल्ह्यातून हा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मकाम, म्हणजे महिला किसान अधिकार मंच, हाही हे सांगत होता. नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची झाली. आमच्या जिल्ह्यात अशी पाहणी झाल्याचं मला माहीत नाही, पण पस्तिशीतल्या पिशवी काढलेल्या बाया माझ्या ओपीडीत गुडघे धरून बसायच्या, त्यांची हाडं दुखायची, अंगातून गरम वाफा निघायच्या. त्यांतली एक म्हणाली, "खाडा तं पडत नाही आता." तिला दिलासा मिळाला होता, आणि तो खरा होता. ज्या व्यवस्थेत बाईला स्वतःचा अवयव काढून टाकणं परवडतं, तिथं मी तिला शस्त्रक्रियेचे तोटे सांगितले तर ते कोणाच्या तोट्यांशी तोलायचे, असा प्रश्न मला पडायचा आणि तरी मी ते सांगायची. तरुण बायांना तर हात धरून सांगायची.

ही साखर जाते कुठे हे मी फार उशिरा वाचलं. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्राच्या ऊसतोड बायांवर मोठा वृत्तान्त छापला. बालविवाह, कर्ज, पिशवीच्या शस्त्रक्रिया हे सगळं त्यात होतं, आणि पेप्सी-कोकाकोलासारख्या कंपन्या इथल्या कारखान्यांची साखर घेतात हेही होतं. कंपन्यांचे नियम असतात, तपासणीसही येतात, पण तपासणी कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबते. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी जोडी आणली. जोडीत बाई नवऱ्याची. जबाबदारी अशी एकेक पायरी उतरत येते आणि शेवटच्या पायरीवर तिच्या डोक्यावर मोळी असते. जगाच्या विकासाच्या कागदांत तिचा उल्लेख आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ८.८ हे लक्ष्य सगळ्या कामगारांच्या, त्यांत स्थलांतरितांच्याही, हक्कांबद्दल आहे आणि त्यात स्थलांतरित स्त्रियांचा वेगळा उच्चार आहे. २०१८ मध्ये वाशिम आकांक्षित जिल्हा झाला, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक, गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवसोबत. ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याचे गुण लागतात. पहिल्या तिमाहीत किती गरोदर माता नोंदल्या, हे त्यांत आहे. नोंदलेली माता कार्तिकात कुठे गेली, ते नाही. आम्ही तिमाहीत नोंद करून गुण मिळवायचो आणि बाई निघून जायची.

आपल्या राज्यात दुसरा रस्ता एकदा काढला गेला होता, तो मी विसरू शकत नाही. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईकांच्या सरकारनं रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. नाईक आमच्याच शेजारच्या पुसद भागातले, बंजारा समाजातले. त्या कामांवर बाया लोंढ्यानं आल्या, कारण काम गावाजवळ होतं आणि हजेरीपटावर ज्याचं त्याचं नाव होतं. माझ्या सासूबाई सांगायच्या, नालाबांधावरची मजुरी त्यांच्या हातात पडायची, तीच त्यांची आयुष्यातली पहिली स्वतःची कमाई. आज रोजगार हमीच्या कामाची मजुरी उशिरा बँकेत येते आणि उचल रोख हातात येते. म्हणून बाया फडावर जातात. त्यांना शहर आवडतं, तांडा आवडत नाही, अशी कारणं देणाऱ्यांनी एकदा आषाढात तांड्यावर येऊन घरोघरी किती रोख आहे ते विचारावं.

मागे राहणाऱ्यांबद्दल थोडं लिहिते, खरं तर त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. श्रीमंत देशांत आयाबाई होऊन गेलेल्या बाया आपली मुलं गावी आईकडे, बहिणीकडे ठेवतात. हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० मध्ये या काळजीच्या जागतिक साखळीवर लिहिलं. आमच्या तांड्यावर ती साखळी एका घरात मावते. आई फडावर, मागे राहिलेल्या नातवंडांकडे आजी, आणि आईसोबत नेलेली अकरा-बारा वर्षांची थोरली पोर, फडाच्या कडेला धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली. तिची शाळा त्या हंगामात सुटते ती बहुधा परत लागत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचंच लग्न होतं आणि एक नवा कोयता तयार होतो. हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत, त्यांचा उपयोग होतोच. पण मुलीला वसतिगृहात ठेवलं तर फडावर धाकट्याला कोण बघणार, हा आईचा प्रश्न मुलाच्या बाबतीत कधी आला नाही.

आशाताई आणि मी शेवटच्या काही वर्षांत ट्रक यायच्या आधी तांड्यावर तपासणी घ्यायला लागलो. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर जाड अक्षरात रक्तगट, बाळंतपण कधी होणार ती तारीख, राहिलेली लस आणि माझा मोबाइल नंबर. कारखान्याचं नाव आणि तालुका विचारून तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायचा. काही सिस्टर फोनवर म्हणायच्या, तुमची लाभार्थी, आमच्या उद्दिष्टात कशी धरू? काही म्हणायच्या, पाठवा, बघते मी. कागल भागातल्या एका सिस्टरनं कोपीत जाऊन आमच्या तीन बाळांना पेंटा दिला आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. तिला मी कधी भेटले नाही. राज्यानं आता स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली आणली आहे, अंगणवाडीताई त्यात नोंदी करतात. ती नीट चालली तर माझ्यासारखीला असे फोन करावे लागणार नाहीत.

याच तपासणीच्या निमित्तानं बाया एकत्र बसायच्या, आणि हिमोग्लोबिनच्या गोष्टी संपल्या की मुकादमाच्या सुरू व्हायच्या. सुरुवातीला त्या बोलायच्या ते पाणी, आडोसा, रात्रीची भरणी याबद्दल. मग एका वर्षी त्यांनी मुकादमाला तांड्याच्या नायकासमोर बोलावलं आणि उचलीचा कागद मोठ्यानं वाचायला लावला. त्यानं वाचला. रक्कम, टनाचा दर, कमिशन, खाडा. कर्नाटकात जन्मलेल्या त्या बाळाची आई तिथंच होती, पोरगी आता अंगणवाडीत जायची. तिनं विचारलं, यात निम्मे पैसे माझ्या खात्यावर टाकता येतील का. मुकादम म्हणाला, असं कोणी केलं नाही, पण नवऱ्याला चालत असेल तर मला काय. सगळ्या जणी तिच्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, पासबुक आण. त्या वर्षी तिच्यासह तांड्यावरच्या मोजक्या बायांच्या खात्यावर उचलीचा भाग आला. बाकीच्यांच्या घरी त्यावरून भांडणं झाली, दोघींना मार पडला, एकीनं परत तो विषय काढला नाही. पुढच्या पावसाळ्यात मुकादम बदलला. नवा म्हणाला, माझ्याकडे एका कोयत्याला एकच खातं.

आम्ही कामगार अधिकाऱ्यांना अर्ज दिला आहे, बायांच्या सह्या आणि अंगठ्यांसह. मागणी एवढीच आहे : करारावर दोघांची नावं वेगळी लिहावीत, उचल आणि मजुरी दोन खात्यांवर पडावी, आणि गरोदर किंवा ओली बाळंतीण असलेल्या बाईच्या नावावर खाडा लावू नये. अर्जाची पोच मिळाली आहे.